कापसात हरवलेली टॅरंटुला

बंद खोलीतल्या कापसाचा उबट वास आला की अजून मी आधी पायाखाली बघतो. बीटी कापसाचा भाव वाढायची वाट पाहत भावानं खोली छतापर्यंत भरली होती, आणि तिथंच एका कोनाड्यात मी हौसेनं दुर्मिळ टॅरंटुला कोळी पाळायचो. एका सकाळी निळ्या पायांच्या मादीचा डबा रिकामा दिसला. भाव चढला होता आणि दुपारी गाडी भरायला मजूर येणार होते. एखाद्याला चावली तर? घाबरत, चाचपत मी सगळा कापूस अंगणात उपसला. “काऊन उपसून राह्यला बे?” भावानं विचारलं. “ऊन दाखवतो,” मी ठोकून दिलं. “आता कुठं तुले शेती समजून राह्यली!” तो हरखला. हताश होऊन मी डब्यातली माती उकरली, तर बाई तळाशी बिळात निवांत! तेव्हापासून दरसाल कापसाला ऊन दाखवायचं काम माझ्याकडंच आहे.