पाखरांचा वाटा

पक्ष्यांवर प्रेम आहे म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन आमचा ओटा धुऊन दाखवावा, मग पुढचं बोलू. सकाळी उठलं की चहाआधी माझ्या हातात खराटा. कठड्यावर पांढरी घाण, पायरीवर पांढरी घाण, आणि जांभळं पिकली की वाळत घातलेल्या चादरींवर जांभळी घाण, जी साबणाने जात नाही आणि उन्हानेही जात नाही. शी! पाखरं मला कधीच आवडली नव्हती. मी जे काही केलं ते सासऱ्यांसाठी.

आमचं घर किन्हवलीच्या पुढे, मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत आहे. नवरा वाशिंदला कंपनीत जातो, तो रात्री येतो. दिवसभर घरात मी आणि सासरे. दोन वर्षांपूर्वी ते बांधावर पडले आणि उजवी बाजू गेली. जीभ वाचली, पण जेवण सुटलं. घास तोंडाजवळ नेला की तोंड फिरवायचे. शहापूरचे डॉक्टर म्हणाले, "गोळ्या उपाशीपोटी द्यायच्या नाहीत आणि गोळ्या चुकवायच्या नाहीत. कसंही करून भरवा." कसंही म्हणजे कसं, हे सांगायला डॉक्टरांना वेळ नव्हता.

वाट सापडली ती त्यांची खाट ओटीवर आणली तेव्हा. समोर आमचं अंगण, पपईची दोन झाडं, जास्वंद, शेणाचा उकिरडा. एका सकाळी बुलबुल पपई टोचत होते, ते बघता बघता सासऱ्यांनी तोंड उघडलं. मी पटकन घास सारला. दुसऱ्या दिवशीही तेच. मग नेमच झाला. पाखरं खायला लागली की हे खाणार, पाखरं नसली की तोंड बंद. लहान पोराला शोभेल असलं नखरेल जेवण! पण जेवत होते ना, मग म्हटलं चालू दे.

मला कावळा, चिमणी आणि कोंबडी सोडून काही ओळखता येत नव्हतं. त्यांनी शिकवलं, तेही शिव्या देत. "डोळं हायत का बटनं गो तुला? तुरा हाय, बुडाला लाल हाय, तो बुलबुल. दगडावर ठोकल्यागत टुकटुक करतो तो तांबट, त्याला फळ लागतंय." चिमण्यांना आणि कबुतरासारख्या बारक्या होल्यांना तांदळाची कणी. मुनियांना नाचणी, नाही तर भात. काळापांढरा दयाळ दाण्याला चोच लावत नाही, त्याला उकिरड्यातल्या अळ्या हव्यात, म्हणून उकिरडा रोज काठीने उकरायचा. तोही मीच उकरायचा. शिंजिराला काही टाकावं लागत नाही, त्याला जास्वंदीची फुलं पुरतात. आणि सातभाई काहीही खातात आणि खाताना आमच्या बचत गटासारखे भांडतात.

एक पावसाळा असाच गेला. मग शेजारच्या प्लॉटवर बंगला झाला.

मुंबईची नवरा-बायको, शनिवार-रविवार यायची. बाई तिशीतली, बोलायला गोड. तिने आंब्याला प्लास्टिकचं ताट टांगलं आणि त्यात काय ओतावं? शेव, गाठी, खारी, ब्रेडचे तुकडे. रविवारी संध्याकाळी ती जायची आणि तिचं ताट मागे राहायचं. पावसात त्या गाठींचा पिवळा लगदा व्हायचा, त्यावर बुरशी, बुरशीवर माश्या. वास इतका की माझं स्वयंपाकघरात लक्ष लागेना. कबुतरं आली, जी आमच्याकडे कधी नव्हती. घुशी आल्या. मला त्या ताटाकडे बघून उलटी यायची.

"मिठाचं, तेलाचं खाऊन मरतील ती," सासरे म्हणाले. "सांग जा त्या बाईला."

मी सांगितलं. ती हसून म्हणाली, "काकू, पण आवडतं त्यांना!"

"आवडायला काय, पोरांना पण आवडतं. तुम्ही रोज गाठीवर जेवाल का?"

तिचा चेहरा उतरला. दोन आठवडे ताट रिकामं होतं, मग पुन्हा खारी. माझ्या डोक्यात ती बाई बसली ती बसलीच.

आता माझं सांगते.

आमच्याकडे रीत आहे. राबात, म्हणजे रोपांच्या वाफ्यात, भात पेरून झालं की सुपात उरलेलं बी घरात परत आणायचं नाही. तो पाखरांचा वाटा. सासूबाई करायच्या, त्यांच्या सासूबाई करायच्या. पण त्यांचं बी कणगीतलं, घरचं. आमचं बी दुकानातून पिशवीत येतं, औषध चोळलेलं, लालभडक. पेरल्यावर हाताचा रंग दोन दिवस जात नाही. पिशवीवर ठळक लिहिलेलं असतं की हे खाण्यासाठी नाही. मी दहावी पास आहे. मी ते वाचलं होतं.

पण दीड शेर भात फेकवेना. भात फेकायचा म्हणजे काय? आणि आधीच्या आठवड्यात मुनिया येत नव्हत्या, सासरे अर्ध्यावर तोंड मिटत होते. मी म्हटलं, धुऊ. तांदूळ धुतो तसं तीन पाण्यांनी धुतलं. पहिलं पाणी लाल, दुसरं गुलाबी, तिसरं स्वच्छ. सासऱ्यांना विचारलं नाही. काय विचारायचं, दोन वर्षांत मीच हुशार झाले होते. शुक्रवारी संध्याकाळी भात कापडावर सुकवला आणि शनिवारी उजाडताच त्यांच्या खाटेसमोर पसरला.

मुनिया आल्या, वीसेक. होले आले. सासऱ्यांनी वाटीभर पेज खाल्ली आणि आणखी मागितली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू!

दहाच्या सुमाराला एक होला गोल गोल फिरायला लागला. मग पंख पसरून आडवा झाला, पाय झाडत राहिला. कठड्याखाली मुनिया पडल्या, एक, दोन, पाच. चोचीतून चिकट पाणी. एक अजून श्वास घेत होती आणि तिच्या डोळ्यावर मुंगी चढत होती. सासरे खाटेवरून ओरडत होते, "उचल गो! उचल त्यांना!" त्यांना उठता येत नव्हतं. सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर झालं.

मी सूप घेतलं, मेलेली पाखरं त्यात भरली आणि तरातरा बंगल्याच्या फाटकाशी गेले. बाई पायरीवर चहा पीत होती. मी सूप तिच्यासमोर आपटलं. "बघा! खारी खायला घालता ना? घ्या, बघा तुमचं पुण्य!" रस्त्यावरची माणसं थांबली. मी काय काय बोलले ते आता लिहवत नाही. ती खाली बसली, एक मुनिया हातात घेतली आणि रडायला लागली. मला बरं वाटलं. खरं सांगते, छातीत अगदी गार वाटलं.

परत आले तर सासरे म्हणाले, "होला इकडं आण."

त्यांनी डाव्या हाताने होल्याचा गळा चाचपला. मला म्हणाले, "विळीवर धर." गळ्याखालची दाण्याची थैली फाटली आणि भात बाहेर आला. ओला, टरफलासकट. टोकांना अजून लाल.

"फरसान कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

माझ्या बोटांना तो चिकट भात लागला होता. मी हात तीनदा धुतला, चारदा धुतला. मला माझीच शिसारी आली.

दुपारी त्यांनी तोंड उघडलं नाही. रात्री नाही. नवऱ्याने हातापाया पडून बघितलं, नाही. गोळ्या वाटीत तशाच. रविवारी सकाळी मी पपई चिरून ठेवली, बुलबुल आले, खाऊ लागले. "बघा बाबा, खातात. घ्या ना एक घास."

"त्या बाईला सांगितलंस?"

"नाय."

"मग मला काय भरवतंस? जा. सांग आन ये."

गेले. फाटकापर्यंत ठरवून गेले होते की पहिलं वाक्य काय बोलायचं. ती मला बघून धावत आली, डोळे सुजलेले. ताट काढून टाकलं होतं. माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "काकू, मला माफ करा. रात्रभर झोप नाही आली. माझ्यामुळे गेली हो ती. मी परत कधी काही घालणार नाही, कुठेच."

सांगायला एवढंसं होतं. शेजारी तिचा नवरा उभा होता, दूधवाला उभा होता, काल ऐकायला थांबलेली दोन माणसं आज पुन्हा थांबली होती.

"असू दे," मी म्हणाले. "होतं असं. चुकतं माणूस."

मी तिला माफ केलं! तिने माझ्या पायांना हात लावला आणि मी लावू दिला.

घरी आले. पेज गरम केली, चमचा घेऊन खाटेशी बसले.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हनाली?"

"रडली."

"चांगलं केलंस गो," ते म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं. मी भरवलं. पेज संपेपर्यंत एकदाही त्यांच्या डोळ्यांत बघायची माझी हिंमत झाली नाही.