नडगीतली जाळी

धोंडीरामचा अंगठा पंचक्रोशीत नावाजलेला. बार्शीच्या अलीकडं त्याचं गाव. रविवारी आणि अवसेला त्याच्या ओट्यावर माणसं बसलेली असायची. कुणाचं मनगट सुजलेलं, कुणाचा खांदा उतरलेला. धोंडीराम एक्स-रेचे फोटोबिटो बघायचा नाही. अंगठा फिरवायचा, डोळे मिटायचे, पाऊसपाण्याचं बोलता बोलता असा हिसका द्यायचा की माणूस बोंबलायच्या आत हाड जागेवर. वरनं बांबूच्या कांब्या बांधायच्या. पुढच्या खेपेला अंगठ्याखाली नव्या हाडाची गाठ लागली की म्हणायचा, "धरलं."

असल्या माणसाच्या बायकोलाच मोटरसायकलनं उडवलं.

मथुराबाई म्हणजे पायाला भिंगरी. बाजाराला निघाली की ही पुढं आणि नवरा मागं धापा टाकत. बाई हाय का वावटळ, म्हणून तो कुरकुरायचा. त्या पायाच्या नडगीचा मधला तुकडा पार चुरा झाला. हाड असलं तर बसवावं, चुरा कुठं बसवणार? धोंडीरामनंच तिला मुकाट सोलापूरला नेलं, सात रस्ता चौकाजवळच्या एका दवाखान्यात.

तिथला डॉक्टर इंद्रजीत तरणा होता, पण शेतकऱ्याच्या पोटचा. त्यानं नीट समजावलं. मधल्या रिकाम्या जागेत एक तुकडा बसवायचा. वाळलेल्या दोडक्याच्या पोटात असते ना, तशी भोकाभोकांची जाळी. त्या भोकांतून नवं हाड शिरतं, वाढतं, आणि जाळी आपोआप विरघळून जाते. वेल चढेस्तोवर मांडव, म्हणाला.

"फक्त हात लावू नका, बाबा. दाबायचं नाही, ओढायचं नाही."

धोंडीरामला ते झोंबलं. हाडाला हात लावू नको, असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं.

नडगीत जाळी बसवून आणि पायाला बाहेरून सळ्यांची चौकट ठोकून बाई घरी आली. तपासणीला गेले तेव्हा फोटोत मधली जागा काळीच. डॉक्टर म्हणाला, जाळी फोटोत उमटत नाही आणि नवं हाड अजून कोवळं आहे, पण काम चांगलं चाललंय. धोंडीरामनं मान हलवली. मनात म्हणाला, पैलवान दिसंना आन् कुस्ती चाललीया म्हनं.

घरी त्याचा अंगठा गप बसेना. एक दिवस सळ्यांच्या मधून त्यानं तो घातलाच. गाठ नव्हती. फिरफिरून चाचपलं, तरी नव्हती. हे हाड जाळीच्या पोटात, आतल्या आत वाढत होतं. वर गाठ यायची कशाला? पण ते त्याला ठाऊक नव्हतं. डॉक्टरला फोन करून विचारता आलं असतं. पण सारा मुलूख ज्याला विचारायला येतो, त्यानं कुणाला विचारायचं?

अवस आली. ट्रॅक्टरच्या पेटीतला पाना, एरंडेल आणि कांब्या घेऊन तो बायकोपुढं बसला.

"मथुरे, आत काय न्हाय. पोकळ हाय. आपल्या पद्धतीनं बांदतो."

"अवो, डागदर हात लावू नगा म्हनला हुता की."

"त्यो माजा अंगठा घिऊन जन्मला हाय का?"

बाईनं पायावरचं पातळ वर सारलं. मग म्हणाली, "लोकं गाड्या करून तुमच्याकडं येत्यात. मी घरातली. बांदा."

त्यानं नट सैल केले, टाच धरली आणि ओढली. आत कडक भाकरी मोडावी तसा आवाज झाला. बाईनं पदर तोंडात धरला. धोंडीरामला वाटलं, बसलं.

आठवड्यात पाय फुगला आणि वाकडा दिसायला लागला. परत सोलापूर. डॉक्टर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. पाय पुन्हा उघडावा लागला. नंतर त्यानं धोंडीरामला आत बोलावलं आणि एका वाटीत तुकडा पुढं केला. जाळी मधोमध मोडली होती.

"बाबा, धरलं होतं हो," डॉक्टर म्हणाला. "थोडंच राहिलं होतं."

धोंडीरामनं तुकड्यावर अंगठा ठेवला. भोकाभोकांत ज्वारीच्या कण्यांसारखं काहीतरी खरखरीत, टणक भरलेलं. अंगठ्यानं ते लगेच ओळखलं. हाडच होतं.

दुसऱ्यांदा जाळीचा उपयोग नव्हता. कमरेचं हाड काढून भर घातली, पाय जुळला, पण आखूड झाला.

आता ओटा रिकामा असतो. कुणी सुजला हात घेऊन आलंच, तर धोंडीराम बार्शीच्या दवाखान्याचा रस्ता दाखवतो. शेजारची बजाबाई म्हणते, म्हातारा माजलाय, हाताला हात लावत न्हाय. तो ऐकून घेतो. मथुराबाईनं मात्र त्याला आजवर एक शब्द सुनावलेला नाही. त्यानं एकदा स्वतःहून विषय काढला, तर ती म्हणाली, चुलीवरचं बगा, उतू जातंय.

बाजाराला दोघं अजून जातात. आता तो पुढं असतो आणि मागनं काठीचा ठोका येतो. ठोका लांब पडला की तो थांबतो, वाकून चप्पल झटकतो, आत खडा शिरल्यागत.

परवा ती जवळ आली आणि म्हणाली, "रोज कुटनं यितो वो यवढा खडा?"

तो चप्पल झटकतच राहिला.

"चला फुडं," ती म्हणाली. "बाजार उठंल."