खांबापासून मोजा

फुटपाथ खणायचा असो की त्यावर नुसती विटांची रास टाकायची असो, परवानगी लागतेच, आणि ती देणाऱ्या पालिकेच्या खिडकीमागे टेपकाका बसत. मोजायचा टेप कायम खिशात, म्हणून हे नाव. कंत्राटदार त्यांच्या नावाने बोटं मोडत, कारण नकाशा कितीही देखणा असला तरी काकांचा प्रश्न एकच. "चालणाऱ्याला दीड मीटर कुठे सोडलाय? आणि रस्त्याच्या कडेपर्यंत काय मोजताय? मधे दिव्याचे खांब असतात ना! खांबापासून मोजा!"

तेच काका एका सोमवारी खिडकीबाहेर, अर्जदारांच्या रांगेत उभे राहिले. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांची थोरली बहीण, अक्का, चाकांच्या खुर्चीत होती आणि शुक्रवारी त्यांच्याकडे कायमची राहायला यायची होती. काकांच्या दारात एक उंच पायरी. तिच्यापुढे फुटपाथवर लोखंडी उतार बसला नाही, तर अक्का घरात कोंडली जाणार. त्यात तिने फोनवर बजावलं होतं, "मला उचलून न्यायचं असेल तर मी येत नाही, सांगून ठेवते."

स्वतःच्या अर्जावर स्वतः सही चालत नाही, म्हणून खिडकीत ऑफिसातल्या दुसऱ्या अधिकारी होत्या, सगळे त्यांना धाकट्या बाई म्हणत. सात वर्षं काकांच्याच हाताखाली तयार झालेल्या. आता काय, डोळे झाकून सही, अशा थाटात काकांनी कागद सरकवले. बाई दुपारी टेप घेऊन जागा बघून आल्या आणि मंगळवारी त्यांनी अर्ज परत केला.

"नामंजूर? माझा?"

"काका, दारासमोरचा दिव्याचा खांब कुठाय नकाशात? उतार आणि खांब यांच्यात पाऊण मीटर उरतो."

वीस वर्षं ज्या खांबाला सायकल टेकवली, तोच काका विसरले होते! आधी राग आला, मग लाज वाटली आणि मग हसू आवरेना. रांगेतल्या कंत्राटदारांनीही हात धुऊन घेतले. "काका, खांबापासून मोजा!" सगळे एका सुरात ओरडले.

जेवणाच्या सुट्टीत काका आणि बाई खडू घेऊन फुटपाथवर बसले आणि त्यांनी उतार भिंतीलगत वळवला. बुधवारी परवाना मिळाला. गुरुवारी उतार बसवला तो काकांनी सगळ्यांत जास्त वेळा परत पाठवलेल्या कंत्राटदाराने. खांबाला टेकलेली सायकलही घरात गेली.

शुक्रवारी अक्का आली. ती घरात गेली, चहा प्यायली आणि लगेच पुन्हा दारात. काका ढकलायला पुढे झाले.

"हात काढ."

ती एकटीच उतरली, खांबाला वळसा घालून थेट कोपऱ्यापर्यंत गेली, तिथल्या भाजीवाल्याशी दरावरून भांडली आणि परत आली. काकांना भरून आलं. टेप खिशातच राहिला.

"रस्ता चांगला रुंद ठेवलाय रे. कोणी मोजला?"

"आमच्या ऑफिसातल्या धाकट्या बाईंनी."

"हुशार आहे हो," अक्का म्हणाली. "बरं, उद्या मी बाजारात जातेय. तुला काय आणू?"