मालकाची चाल आणि रेडिओचा हात

तिला सगळे रेडिओ म्हणत, कारण ती बंद होत नसे. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत ती इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर कामाला होती. दोघींनी ओल्या चादरीची दोन टोकं धरायची, ताणायची आणि तापलेल्या रोलरखाली सरकवायची. दुसऱ्या टोकाला तिची जाऊ. चादर आत जायची, रेडिओच्या तोंडून गोष्टी बाहेर यायच्या.

एक दिवस चादरीबरोबर तिचा उजवा हातही आत गेला. जावेनं झटकन मशीन बंद केलं म्हणून बोटं राहिली, पण भाजून आखडू लागली. डॉक्टर म्हणाले, लवकर ऑपरेशन करा, नाहीतर मूठ कायमची मिटलेली राहील.

जावेनं मला हे सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. मी कामगारांची कार्यकर्ती. मी शाळा सोडली की शाळेनं मला, हा वाद अजून मिटलेला नाही. पण कायदा माझा मी वाचलाय, आणि ते समोरच्याला ऐकवल्याशिवाय मी बसत नाही. मालकाच्या टेबलावर हात आपटून म्हणाले, "तुमच्या निष्काळजीपणामुळे एका बाईचा हात गेलाय! भरपाई द्या, नाहीतर गेटवर बसते."

"आधी खुर्चीवर बसा," मालक म्हणाला. "आणि हात जपून. काच तडकलीय, आणि तुमचा विमा काही मी काढलेला नाही."

मी बसले. नाक मात्र वरच ठेवलं.

"बाई, चूक माझी की तिची, हे इथं कुणी विचारतच नाही. त्यासाठीच तर कामगारांचा विमा असतो. हप्ता मी भरतो, त्यांच्या पगारातून काही कापत नाही. काम करताना लागलं, एवढं दिसलं की दवाखान्याचा खर्च कंपनी करते, घरी बसावं लागलं तर पगाराचा बराचसा भागही देते. मलाही कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागत नाहीत."

"मग घोडं अडलंय कुठं?"

"तिनंच दवाखान्यात सांगितलंय, घरी तव्यावर हात पडला म्हणून. तुम्ही म्हणताय रोलर. आधी तुमचं तुम्ही ठरवा."

भांडायला कंबर कसून जावं आणि समोरच्यानं भांडूच नये, यासारखा अपमान नाही. अर्धं भाषण पोटात तसंच घेऊन मी रेडिओच्या घरी गेले.

"अगं, तव्याचं कशाला सांगितलंस?"

"ताई, चूक माझीच होती."

"चूक कोण विचारतंय? एवढंही माहीत नाही तुला?" मला ते तासाभरापूर्वीच कळलं होतं, पण थाट असा की आईच्या पोटातूनच शिकून आलेय.

जाऊ फिसकन हसली. "सांग की गं आता. ताई, ही मालकाची नक्कल करत होती. एक हात चादरीवर, एक पाठीमागं, पोट पुढं. चादर निसटली, ती धरायला गेली आणि..."

"हे सांगितलं तर नोकरी जाईल," रेडिओ म्हणाली.

"आणि नाही सांगितलं तर हात जाईल. हाताशिवाय नोकरी कुठली करशील, बाई?"

रेडिओ गप्प बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी तिनं विम्याचा अर्ज केला आणि कंपनीचा अधिकारी चौकशीला लाँड्रीत आला. मी रेडिओला बजावलं होतं, तू बोलू नकोस, मी बोलते. कामगारांच्या हक्कांपासून सुरुवात केली. अधिकाऱ्यानं शांतपणे विचारलं, "हात तुमचा भाजलाय का?"

"नाही."

"मग ज्यांचा भाजलाय त्यांना बोलू द्या."

रेडिओ उठली.

"नशा केली होती?"

"चहाची."

"हात मुद्दाम घातला?"

"मुद्दाम कोण घालतं साहेब, तो काय मेंदीचा वाडगा आहे?"

"मग झालं कसं?"

तिनं मालकाकडं पाहिलं. मग चांगला हात पाठीमागं नेला, पोट पुढं काढलं, मान मागं टाकली आणि बँडेजचा हात सांभाळत चार पावलं चालली. "असं चाललं होतं. तेवढ्यात चादर सुटली."

"हे कोण?"

जाऊ छताकडं बघू लागली. मला खोकला आला.

"मी," मालक म्हणाला. "लिहा."

"ते लिहायची गरज नाही. कामाच्या वेळी, कामाच्या मशीनवर लागलंय, जाऊबाई साक्षीला आहेत. बेसावधपणा झाला, पण तेवढ्यानं विमा बुडत नाही. मात्र डॉक्टरांना खरं काय ते सांगून या."

"आणि माझी नोकरी?" रेडिओनं थेट मालकालाच विचारलं.

"बऱ्या झालात की या. पण रोलरवर नाही, घडीच्या टेबलावर. तिथं काय चालायचं ते चाला."

जायला म्हणून तो उठला, आमच्याकडं बघितलं आणि परत बसला. "तुम्ही निघा आधी," म्हणाला.

ऑपरेशन झालं. मूठ उघडते, करंगळी तेवढी वाकडी राहिली. हा विजय मी कसा खेचून आणला, यावर दोन सभांत भाषण ठोकलं. तिसऱ्या सभेला रेडिओ पहिल्या रांगेत येऊन बसली. मी पाण्याच्या प्रश्नावर बोलले.