पॉज न दाबता पाच तास

मोठ्या परीक्षेआधी पूर्ण लांबीची सराव परीक्षा द्यावी का, असं मला कुणी विचारलं तर मी सांगते, द्यावी. आणि घरच्यांना विचारून तर मुळीच देऊ नये.

नागपुरात माझी फिजिओथेरपीची चांगली प्रॅक्टिस होती. लग्न करून अमेरिकेत ट्रॉयला आले. आधी व्हिसावर काम करायची परवानगी नव्हती, मग मुलगी झाली, आणि बघता बघता आठ वर्षं घरात गेली. शेवटी लायसन्सच्या परीक्षेला बसायची मंजुरी आली. एका क्लिनिकने सांगितलं होतं, एप्रिलपर्यंत लायसन्स आणा, जागा तुमची. म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

अभ्यास दणकून केला. लॅपटॉप ओट्यावर. कुकरची शिट्टी झाली की पॉज. मुलीला शाळेतून आणायचं, पॉज. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या होत्या, त्यांचा चहा, पॉज. सराव परीक्षा आज सकाळी सुरू व्हायची आणि परवा संपायची. मार्क मात्र झकास! नवरा म्हणायचा, "तू तर टॉपर आहेस यार." मलाही ते खरं वाटायला लागलं, इतकी मी मूर्ख.

जानेवारीत एकदाचे परीक्षेचे नियम नीट वाचले. पाच तास, मध्ये एक छोटी सुट्टी. झोप सोडली तर आठ वर्षांत मी एका कामाला सलग पाच तास दिलेच नव्हते. ठरवलं, येत्या शनिवारी एक सराव परीक्षा पॉज न दाबता द्यायची.

त्या शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, दरवर्षीसारखं, पंचवीसेक बायका. मी ते कॅन्सल केलं. ग्रुपवर सरळ लिहिलं, सराव परीक्षा आहे. घरात भूकंप!

"अगं, सवाष्णींना बोलावून मग नको म्हणतात का?" सासूबाई म्हणाल्या. "परीक्षा काय, थोडी थोडी दे की घरीच."

मुलगी म्हणाली, "मॉम, इट्स नॉट इव्हन द रिअल टेस्ट!"

मी डबा उचलला आणि लायब्ररीत जाऊन बसले.

नापास झाले. सणसणीत नापास. तीन तासांनंतर डोकंच चालेना. गुडघ्याचे जे प्रश्न झोपेत विचारले तरी सांगेन, तेही चुकले. गाडीत बसून हमसून हमसून रडले. घरी आल्यावर मार्क मात्र लपवले नाहीत. नवरा बिचारा प्रेमानेच म्हणाला, "म्हणून सांगत होतो, उगाच कॉन्फिडन्स घालवलास. आता परीक्षा पुढे ढकल."

सासूबाईंनी त्याची री ओढली. "तुझ्या नोकरीवाचून आपलं काय अडलंय?"

"तुमचं नसेल अडलं, आई. माझं अडलंय."

आवाज चढला होता. तेव्हा लाज वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

पुढच्या शनिवारी परत गेले. परत नापास. तिसऱ्यांदाही, अगदी थोडक्यात. त्या शनिवारी घरात कोण काय जेवलं, मी विचारलं नाही. चौथ्यांदा बाहेर बर्फ पडत होता. नवरा म्हणाला, "आज तरी राहू दे." मी गाडीवरचा बर्फ खरवडला आणि निघाले. त्या दिवशी पास झाले. तोवर एक गोष्ट कळली होती, जी कुठल्याच पुस्तकात नव्हती. तीन तासांनी माझं डोकं बसतं. तेव्हा घाबरायचं नाही, खांदे सैल सोडायचे, एकेक प्रश्न दोनदा वाचायचा. दहा-पंधरा मिनिटांत ते परत चालायला लागतं.

मार्चमध्ये खरी परीक्षा दिली. डोकं नेमकं तेव्हाच बसलं. मनात म्हटलं, ये बाबा, तुझीच वाट बघत होते.

निकाल आला. पास! मी किंचाळलेच. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, आणि नवऱ्याने लगेच पुण्याला भावाला फोन लावला. अभिमानाने नुसता फुलला होता. "अरे, हुशारच आहे ती. सहज पास झाली, पहिल्याच फटक्यात."

मी त्याच्या हातातून फोन घेतला.

"भाऊजी, सहज नाही हं. सरावात तीनदा नापास झाले, मग पास झाले. कुणी विचारलं तर असंच सांगा."