मेश्राम बाईंची तापलेली खोली

मेश्राम बाई कुणाच्याही खोलीत शिरल्या की नमस्काराआधी भिंतीकडे बघायच्या. तिथे थर्मामीटर नसला तर पर्समधून स्वतःचा काढायच्या. कन्हानच्या शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. माझी मुलगी तिथे पाचवीत होती आणि मी शाळा समितीत. "आधी मोजा, मंग बोला," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. आकड्यांचा माणूस असल्याने मला ते पटायचं.

त्या वर्षी पर्यावरणपूरक शाळांसाठी सरकारी अनुदान जाहीर झालं. त्यातून छतावर पांढऱ्या टाइल्स बसल्या असत्या. अट एकच होती: सुधारणेआधी खोली किती तापते, ते अधिकाऱ्यासमोर मोजायचं. अधिकारी येणार महिन्याभराने. बाई तर दर मार्चमध्ये स्लॅबवर चुना मारून घ्यायच्या. पावसात तो धुऊन जायचा.

"बाई, यंदा चुना थांबवा," मी म्हणालो. "वर्ग आधीच थंड दिसले तर अनुदान जाईल."

"आन् तोवर पोट्ट्यांले कागदासाठी भाजू देऊ का, भाऊ? तुमचीच पोरगी हाये ना पाचवीत?"

दोन दिवसांत सगळी छतं पांढरी झाली. राहिलं फक्त बाईंच्या ऑफिसचं. मला वाटलं, चुना संपला. शिपाई म्हणाला, "नाही साहेब, अर्धं पोतं पडून हाये." मग का? बाईंनाच विचारलं.

"मले थंडी वाजते," त्या म्हणाल्या, आणि पदराने कपाळ पुसलं.

एप्रिलमध्ये अधिकारी आले. वर्ग फिरून म्हणाले, "छान आहे. पण आधीचं तापमान आता कुठून आणणार?"

बाईंनी ऑफिसचं दार उघडलं. "बसा ना साहेब. खोली तेवढीच, स्लॅब तोच."

पाच मिनिटांत साहेबांचा रुमाल ओला झाला. तिथे भिंतीवरच्या थर्मामीटरवर बेचाळीस अंश होते. शेजारी पाचवीत सदतीस.

"तुम्ही रोज इथे बसता?"

"महिना झाला. कोणीतरी आधीचं राहाले पाहिजे ना!"

साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले, खाली सही केली.

अनुदान मंजूर झालं. टाइल्स कुठून सुरू करायच्या, असं मिस्त्रीने विचारलं तेव्हा बाईंनी वर्गांकडे बोट दाखवलं. ऑफिसचा नंबर शेवटी लागला, तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या.

पुढच्या एप्रिलमध्ये त्या सहज ऑफिसमध्ये आल्या. मी तिथेच होतो. नव्या सरांनी लगबगीने खुर्ची पुढे केली. बाई बसल्या नाहीत. भिंतीपाशी जाऊन, चष्मा वर करून त्यांनी बराच वेळ बघितलं.

"छत्तीस," म्हणाल्या, आणि मग खुर्चीत टेकल्या. "हं, आता चहा सांगा."