रिव्हर्सची परीक्षा, केंद्र देवणी

सकाळी नांदेडहून निघताना ह्यांनी गाडीच्या डिकीत दोन घडीच्या खुर्च्या टाकल्या. आम्ही लातूरला नणंदेकडे आणि तिथून देवणीला माझ्या भावाकडे निघालो होतो. दोन्ही घरी बसायला भरपूर खुर्च्या आहेत. पण ऑस्ट्रेलियाहून परतल्यापासून हे खुर्च्यांशिवाय कुठे जात नाहीत, आणि सकाळी सकाळी निवृत्त माणसाशी वाद घालायचा नसतो, हे मी स्वतः निवृत्त झाल्यावर शिकले.

आमचा मुलगा मिलिंद ब्रिस्बेनला असतो. त्याच्याकडे कॅरॅव्हॅन (गाडीला मागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) आहे. आतापर्यंत आम्ही दोघांनी तिच्यातून दोन लांबलचक फेऱ्या मारल्या. मधले महिने नांदेडच्या घरात काढायचे, पण ह्यांचं मन काही चाकांवरून उतरत नाही. आंघोळ तांब्याभर पाण्यात उरकतात. दोन शेगड्या असताना एकच पेटवायला लावतात, म्हणे सवय राहावी. संध्याकाळी फाटकाबाहेर खुर्च्या मांडून जाणाऱ्या-येणाऱ्याला हात करतात. दूधवाल्याने एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, "बाई, सायबाला घरात घेत न्हाई का तुमी?"

आता खरी गोष्ट सांगते. मागच्या फेरीत एका मुक्कामाच्या जागी हे कॅरॅव्हॅन मागे घेत होते. मी पाठीमागे उभी राहून "थांबा, थांबा" ओरडत होते, आणि ह्यांनी शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं टेबल, चहाची किटली आणि नुकतंच लावलेलं तंबूचं छत सगळं चाकाखाली घातलं. तो म्हातारा 'नो वरीज' म्हणाला. तिकडची माणसं अंगावरून गाडी गेली तरी 'नो वरीज'च म्हणतील. मिलिंद मात्र तसं म्हणाला नाही. त्याने कॅरॅव्हॅन विकायला काढली. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. ह्यांनी फोनवर खूप गयावया केल्यावर तो एवढंच म्हणाला, "रविवारच्या आधी मला व्हिडिओवर ट्रॉली नीट मागे घेऊन दाखवा. जमलं तर विकत नाही."

नांदेडात कॅरॅव्हॅन कुठून आणायची? पण माझ्या भावाचा देवणीला मंडपाचा धंदा आहे आणि त्याच्याकडे जनरेटरची दोन चाकांची ट्रॉली आहे. जीपमागे जोडली की थेट कॅरॅव्हॅनचीच धाकटी बहीण. म्हणून हा प्रवास.

मला विचाराल तर मला जायचंच होतं. समुद्र, कांगारू वगैरे ठीक आहे, पण ते कारण नव्हे. नांदेडात मी सगळ्यांची शाळेतली बाई आहे. शिकवणं सोडून वर्षं झाली तरी दारावरची बेल थांबत नाही. कुणाला ॲडमिशन हवी असते, कुणाला स्थळ, कुणाला नुसता चहा. त्या चाकांवरच्या घरात बेलच नव्हती. तिथे हे माझ्यासमोर बसून लसूण सोलायचे आणि त्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगायचे. इतक्या वर्षांच्या संसारात त्यातली एकही मी ऐकलेली नव्हती.

लोह्याच्या अलीकडे चहाला थांबलो. टपरीशेजारी एक ट्रॅक्टर उभा होता, मागे रिकामी ट्रॉली. ह्यांचे डोळे चमकले. हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. कुठलीही गोष्ट आधी समजावून सांगितल्याशिवाय करत नाहीत. ट्रॅक्टरवाल्याला त्यांनी कोन, त्रिज्या आणि आस असं बरंच काही सांगितलं. तो म्हणाला, "चालवा की सायेब. काय हुतंय!"

आपल्याकडे एक मोठी गंमत आहे. कुठेही गाडी मागे जाताना दिसली की आजूबाजूचा प्रत्येक पुरुष हातातलं काम टाकून तिच्यामागे जाऊन उभा राहतो. कुणी बोलावत नाही, कुणी नेमत नाही. टपरीवरच्या सगळ्यांनी चहाचे ग्लास खाली ठेवले.

"येऊ द्या, येऊ द्या!"

"डाव्या अंगाला मारा!"

"आवो उजव्या! ह्या सायबाला डावं उजवं कळंना का?"

"लई जागा हाय, येऊ द्या बिनधास!"

बिनधास येऊन ट्रॉली खडीच्या ढिगावर चढली आणि ट्रॅक्टर तिच्याकडे मान वळवून बघत राहिला. 'लई जागा हाय' म्हणणारा गृहस्थ परत चहा प्यायला निघून गेला होता. ट्रॅक्टरवाला शांतपणे म्हणाला, "सायेब, तुमी समोर लई बेस चालवता. समोरच जात ऱ्हावा." गाडीत बसल्यावर हे म्हणाले, "तिथली जमीन समतल नव्हती." मी खिडकीबाहेरची तूर बघत राहिले. शेंगा छान भरल्या होत्या.

लातूरला नणंदबाईंकडे, वत्सलाताईंकडे, मुक्काम केला. सकाळी नाश्त्याला त्यांनी सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा उपमा) केला होता, शेंगदाणे अगदी सढळ हाताने घातलेले. हे खाता खाता कॅरॅव्हॅनमध्ये पाणी कसं जपून वापरावं लागतं, टाकी कशी पुरवावी लागते, हे रंगवून सांगत होते. वत्सलाताईंनी ऐकून घेतलं. मग मागचं दार उघडून अंगणातली पिंपं, टाक्या, हंडे, कळशा आणि तोंडाला फडकं बांधलेल्या बादल्या दाखवल्या.

"दादा, लातूरला नळ कधी येतो ते नळालाच ठाऊक. मी जन्मभर कॅरॅव्हॅनमध्येच ऱ्हाते की रे. फक्त मला कुणी फिरवत न्हाई."

ह्यांनी विषय बदलला आणि टेबलावर वर्ग भरवला. साबणाची डबी म्हणजे गाडी, काडेपेटी म्हणजे कॅरॅव्हॅन, दोन्हींच्या मध्ये दात कोरायची काडी. नणंदेचे यजमान आले, शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आले. तीन वयस्क माणसं साबणाची डबी मागे ढकलत एकमेकांना "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होती. काडेपेटी दोनदा चटणीत गेली. शेवटी ते सगळे कोपऱ्यावर पाण्याचा टँकर मागे कसा घेतात ते बघायला गेले, आणि मी ताटल्या उचलायला बसले.

ताटल्या उचलता उचलता मीही डबी ढकलून पाहिली. मग एका हातात ताटली स्टिअरिंगसारखी समोर धरली आणि ती वळेल तशी दुसऱ्या हाताने डबी वळवत मागे ढकलली. ताटलीची वरची कड धरून वळवली की सगळं उलटं होत होतं. खालची कड धरली, तर हात जिकडे जाईल तिकडेच काडेपेटी जात होती. मी पुन्हा करून पाहिलं. मग ओट्यावर, मग खिडकीच्या कट्ट्यावर. काडेपेटी दोन कपबश्यांमधल्या फटीतून सुद्धा सुतासारखी सरळ गेली. वत्सलाताई दारात उभ्या राहून बघत होत्या. "वहिनी, बरी हायस ना?" त्यांनी काळजीने विचारलं.

उदगीरच्या रस्त्यावर मी ह्यांना ही युक्ती सांगितली. हे म्हणाले, "ते ताटलीला ठीक आहे. गाडीचं शास्त्र वेगळं असतं." मी बॅगेतून धपाटा काढला आणि त्यांना दिला. तोंड भरलेलं असलं की हे शास्त्र सांगत नाहीत.

देवणीला पोचलो तर भावाच्या, संजयच्या, हाताला प्लास्टर. मंडपाच्या बांबूवरून पडला होता. "जयभीम दाजी! अक्का, ये. तुमची परीक्षा दुपारून घेऊ, बाजाराच्या मैदानात. आता शेजारच्या पोरीचं लगीन हाय, आधी अक्षता टाका."

मंडप गल्लीच्या आतल्या टोकाला होता. पांढऱ्या साडीतली नवरी, पांढऱ्या कपड्यातला नवरा, भंतेजी माईकपुढे बसलेले, सगळं तयार. आणि लाईट गेली. पंखे थांबले, माईक मुका झाला. एवढ्या मोठ्या मंडपात भंतेजींचा आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही पोचेना. जनरेटर जीपमागे जोडलेला होता, पण उभा होता गल्लीच्या तोंडाशी. तो बोळातून मागे घेत मंडपापर्यंत न्यायचा होता. ड्रायव्हर हार आणायला उदगीरला गेलेला आणि संजयचा हात गळ्यात.

"मी आहे ना!" हे म्हणाले.

ह्यांनी तिथल्या तिथे मिलिंदला व्हिडिओ कॉल लावला, फोन संजयच्या चांगल्या हातात दिला आणि जीपमध्ये जाऊन बसले. बोळ अरुंद होता. एका बाजूला बुंदीचं पातेलं, दुसऱ्या बाजूला खुंटीला बांधलेला देवणी जातीचा वळू. पांढराशुभ्र, तोंडावर काळे ठिपके, लोंबते कान, आणि रुंदीला जवळपास जीपएवढाच. तो रवंथ करत बसला होता. मालकीणबाई म्हणाल्या, "त्याला उठवू नका बाबा. आत्ताच बसलाय."

लोह्यात होती ती माणसं काहीच नव्हेत. इथे अख्खं वऱ्हाड जीपच्या मागे उभं राहिलं.

"येऊ द्या, येऊ द्या!"

"बा, बा, बा!" (कानडीत 'ये') नवऱ्या मुलाचे मामा सीमेपलीकडून आले होते, तेही मदतीला धावले.

"थोडं राईट! न्हाई न्हाई, ह्यो राईट न्हाई, त्यो राईट!"

पहिल्या खेपेला ट्रॉली बुंदीकडे गेली. आचारी पातेल्यापुढे हात पसरून उभा राहिला. दुसऱ्या खेपेला ती वळूकडे गेली. वळूने रवंथ थांबवून तिच्याकडे पाहिलं. मालकीणबाईंनी ह्यांच्याकडे पाहिलं. दोघांची नजर सारखीच होती. तिसऱ्या खेपेला जीप आणि ट्रॉली बोळात आडवी बसली आणि हलेना. ह्यांच्या कपाळावरून घाम गळत होता. फोनमधून मिलिंदचा आवाज आला, अगदी मऊ आवाज: "बाबा, राहू द्या आता. उगाच काही होईल. मी त्या माणसाला हो म्हणतो."

मला खूप वाईट वाटलं. कॅरॅव्हॅनचं वाटलंच, पण त्याहून ह्यांच्या तोंडाकडे बघून वाटलं. शिक्षा झालेल्या मुलासारखे ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. लसूण सोलणारा तो माणूस आता परत भेटणार नाही, असं माझ्या मनात आलं आणि मला रागच आला. कुणाचा आला, ते ठाऊक नाही. मी जीपपाशी गेले आणि म्हणाले, "उतरा."

"काय?"

"उतरा म्हणते ना!"

ते उतरले. मी पदर खोचला आणि आत चढले. मी शाळेत जायला वर्षानुवर्षं स्वतःची गाडी चालवली आहे, पण हे शेजारी बसले असताना मला कधी स्टिअरिंग मिळालं नव्हतं. आधी जीप सरळ पुढे काढली. मग स्टिअरिंगचं खालचं टोक धरलं. बाईमाणूस बसलेलं बघून वऱ्हाडाचा उत्साह दुप्पट झाला. "अक्का, आरशात बघा!" "अक्का, ब्रेक मधला हाय!" "बा, बा, बा!" एकाने तर खिडकीतून हात घालून स्टिअरिंगच धरलं.

आणि मागून आवाज आला, "गप्प बसा सगळे!"

हे होते. असा आवाज त्यांनी खात्यातही कधी काढला नसेल. "एक शब्द नको कुणाचा. तिला घेऊ द्या."

बोळ चिडीचूप झाला. स्वतः हे सुद्धा काही बोलले नाहीत, हात मागे बांधून उभे राहिले. ह्याचं मला जास्त नवल वाटलं. मी हात इंचभर डावीकडे नेला, ट्रॉली डावीकडे गेली. उजवीकडे नेला, उजवीकडे गेली. बुंदी एका आरशातून हळूच सरकून गेली. दुसऱ्या आरशात वळूचा एक लोंबता कान आला, हलला आणि निघून गेला. मंडपाच्या पायरीशी मी ब्रेक दाबला. संजयने फोन ह्यांच्याकडे देऊन जनरेटर चालू केला, पंखे फिरले, माईक खरखरला आणि भंतेजींनी त्रिशरण सुरू केलं. वळू उठला नव्हता.

फोनमधून मिलिंद ओरडत होता, "आई पास! आई पास! विकत नाही! पण आई, पुढे तरी नीट चालवता येतं ना तुला?"

पंगतीत आचाऱ्याने मला बुंदी तीनदा वाढली. ह्यांना एकदाच.

परतीच्या वाटेवर गाडी मीच चालवत होते. हे डाव्या बाजूला बसून गप्प होते. उदगीर गेलं, जळकोट गेलं, तरी एक शब्द नाही. गिअर असा टाक, त्या ट्रकला हॉर्न दे, काही नाही. मनाला लागलं असेल, असं मला वाटलं. मी काही बोलणार तेवढ्यात तेच म्हणाले, "जरा बाजूला घे गं."

रस्त्याकडेला कापून घेतलेलं सोयाबीनचं मोकळं रान होतं. हे उतरले आणि माझ्या खिडकीशी आले.

"आता तिकडे तू चालवणार. म्हणजे मागे मला उभं राहावं लागेल."

"हो."

"ते मला येत नाही. मागे उभं राहून नेमकं काय करायचं असतं?"

इतक्या वर्षांत ह्यांनी मला काही शिकव म्हटल्याचं मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी आरसा नीट करायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

"काही सांगायचं नाही," मी म्हणाले. "हात हलवायचे नाहीत, ओरडायचं नाही. फक्त मला आरशात दिसेल असं उभं राहायचं. तुम्ही दिसला नाहीत की मी गाडी थांबवीन."

"एवढंच?"

"एवढंच. मी एवढंच करत होते. तुम्ही आरशात बघत नव्हतात, म्हणून त्या दिवशी ओरडावं लागलं."

हे त्या रानात मागे चालत गेले. आधी एका जागी उभे राहिले, दिसले नाहीत. मी गाडी हलवली नाही. मग थोडे डावीकडे सरकले, मग थोडे पुढे आले, आणि आरशाच्या बरोबर मधोमध, ढेकळांत पाय रोवून, पंचनाम्याला आलेल्या साहेबासारखे ताठ उभे राहिले. मी गाडी मागे घेऊ लागले.